पेरीसाहेबांची खुर्ची

चर्चगेट स्थानकातून समुद्राच्या दिशेने बाहेर पडले, की थोड्याच अंतरावर ‘ए’ रोड लागतो, आणि त्या रस्त्यावर, महाविद्यालयांच्या दाटीत, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आहे. सकाळी तेथून गेले, तर फाटकापाशी एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात एखाद्या अधिनियमाची पातळ पुस्तिका, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतला ‘बेअर ॲक्ट’, धरून उभी असलेली मुले-मुली दिसतात. ज्या जमिनीवर ती उभी असतात, ती या संस्थेच्या जन्मकाळी, म्हणजे १८५५ साली, जमीनच नव्हती. तेथे बॅक बेचे खारे पाणी होते, आणि समुद्र हटवून ही भूमी निर्माण होण्यास अजून पाऊणशे वर्षांचा अवकाश होता. संस्थेपाशी तेव्हा स्वतःची वास्तू नव्हती, प्राचार्य नव्हता, आजचे नावही नव्हते. होते ते केवळ एका प्राध्यापकाचे आसन, आणि त्या आसनाला चिकटलेले एका इंग्रज न्यायाधीशाचे नाव. पुढे या महाविद्यालयाने मिळविलेला जो लौकिक आपण ऐकतो, त्याचा माग काढू लागले म्हणजे फिरून फिरून त्या खुर्चीपाशीच येऊन थांबावे लागते. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करणे बरे.

सर टॉमस अर्स्किन पेरी हे १८४१ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश म्हणून आले आणि १८४७ साली त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी मुंबई इलाख्यात दोन न्यायव्यवस्था एकमेकींकडे पाठ करून नांदत होत्या. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजसत्तेचे सुप्रीम कोर्ट, तेथे विलायतेहून आलेले न्यायाधीश आणि विलायतेतच सनद मिळविलेले बॅरिस्टर. आणि बेटाबाहेरच्या मुलखात कंपनी सरकारच्या अदालती, त्यांच्या शिरोभागी सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालत, तेथे मुलकी सेवेतून आलेले साहेब न्यायाधीश आणि देशी वकील, मुखत्यार व कारकून. पेरी हे यांपैकी पहिल्या जगातले. परंतु १८४३ पासून इलाख्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे असल्यामुळे दुसऱ्या जगाशी त्यांचा संबंध आला, आणि आला तो भांडणाच्या रूपाने आला. उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, हा वाद मंडळात पेटला तेव्हा पेरी इंग्रजीच्या बाजूस हट्टाने उभे राहिले आणि नाना शंकरशेट व त्यांचे सहकारी देशी भाषांच्या बाजूस. या वादात नानांचे म्हणणे खरे होते असे आमचे मत आहे. परंतु ते असो. सांगण्याची गोष्ट अशी, की १८५२ साली पेरी निवृत्त होऊन मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्या स्मारकाच्या खटपटीत ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत हेच नाना शंकरशेट होते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे मतभेद झाला त्याच्याच नावाने वर्गणी जमवावयाची, आणि तीही पुतळ्यासाठी न जमविता एतद्देशीय तरुणांना कायदा शिकविण्यासाठी जमवावयाची, यात त्या पिढीचे औदार्य दिसते आणि धोरणही दिसते.

१८५५ साली एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने ‘पेरी प्रोफेसर ऑफ ज्यूरिस्प्रूडन्स’ हे अध्यासन स्थापन झाले आणि डॉ. आर. टी. रीड हे त्यावर पहिले विराजमान झाले. त्याच सुमारास कलकत्त्यास आणि मद्रासेसही कायद्याची व्याख्याने सुरू झाली. तेव्हा ‘आशियातील सर्वांत जुने’ हे बिरूद महाविद्यालय अभिमानाने मिरविते ते मिरवू द्यावे, पण जन्मतारखांच्या या शर्यतीत फार जीव गुंतविण्याचे कारण नाही.

‘ज्यूरिस्प्रूडन्स’ हा शब्द मात्र जरा थांबून पाहावा असा आहे. अमुक गुन्ह्यास किती शिक्षा, अमुक दाव्यास किती मुदत, हे सांगणारी विद्या ती ही नव्हे. हक्क म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, मालकी कशास म्हणावी, या मुळाच्या प्रश्नांचा विचार करणारे हे विधिशास्त्र. पेरी स्वतः या विषयाचे रसिक होते. मुख्य न्यायाधीशाच्या कामातून वेळ काढून त्यांनी साविन्यी या विख्यात जर्मन पंडिताच्या ‘ताबा’ या विषयावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, आणि ते १८४८ साली प्रसिद्ध झाले. ताबा हा विषय वरवर पाहता शुष्क वाटतो, पण एखाद्या कोकणस्थ वाचकाला त्याची गोडी समजावून सांगण्याची गरज पडू नये. समजा, एका खोताच्या मालकीची भातखाचरे आहेत आणि ती तीन पिढ्या एक कूळ कसत आहे. बांध कुळाने घातले, चिखलणी कुळाने केली, उन्हाळ्यात भाजावळ कुळाने केली. खोताने वर्षातून एकदा येऊन खंड तेवढा मोजून नेला. आता जमीन कोणाच्या ताब्यात आहे? शेताच्या बांधावर उभा असलेला कोणीही मनुष्य म्हणेल, कुळाच्या. साविन्यी म्हणतो, तसे नव्हे. केवळ वस्तू हाताखाली असून भागत नाही, ती ‘माझी’ म्हणून धरण्याचा मनोभाव असावा लागतो, आणि कूळ तर दुसऱ्याचे स्वामित्व मान्य करूनच जमीन धरते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ताबेदार खोतच. कुळाच्या हाती राहतो तो नुसता नांगर. आपल्याकडे याज्ञवल्क्याने लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगून भोगवट्याला पुराव्याच्या आसनावर बसविले होते आणि त्याच्या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेच्या कर्त्यांनी त्यावर खल केला होता. पण पेरी यांच्या हाती जर्मन ग्रंथ आला, मिताक्षरा आली नाही. खोत आणि कूळ हा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

पेरी यांच्या न्यायदानातील एक निकालही येथे सांगितला पाहिजे. १८४७ साली खोजा आणि मेमन या मुसलमान जमातींतील वारसाहक्काचे कज्जे त्यांच्यापुढे आले. कुराणात मुलींना बापाच्या मिळकतीत वाटा सांगितला आहे, तो आम्हांस मिळावा, अशी मुलींची मागणी होती; मुली वारसा घेत नाहीत ही आमच्या जमातीची, हिंदूंसारखीच, जुनी वहिवाट आहे, असा प्रतिपक्षाचा जबाब होता. पेरी यांनी धर्मग्रंथापेक्षा वहिवाट श्रेष्ठ ठरविली आणि मुली रित्या हाताने परत गेल्या. शास्त्र थोर की रूढी थोर, हा प्रश्न हिंदुस्थानातील न्यायालयांना पुढे शंभर वर्षे पुरला.

मुंबईत व्याख्याने सुरू झाली तो मुहूर्तही साधलेला होता. १८५७ साली विश्वविद्यालय निघाले आणि १८६० साली कायद्याचा हा वर्ग त्याला संलग्न झाला. १८५९ साली दिवाणी व्यवहारसंहिता आणि १८६० साली दंडसंहिता आली. १८६२ साली सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांचा संगम होऊन उच्च न्यायालय अस्तित्वात आले. आणि १८६४ साली न्यायालयांच्या पदरी असलेले शास्त्री व काझी यांच्या जागा रद्द झाल्या. हा शेवटचा बदल सामान्य वाचकाच्या नजरेतून सुटतो, परंतु तो मोठा होता. तोपर्यंत दत्तकाचा अगर वाटणीचा वाद निघाला की न्यायाधीश शास्त्रीबुवांना प्रश्न लिहून पाठवीत आणि शास्त्रीबुवा वचने देऊन उत्तर धाडीत. अशा उत्तरांच्या दफ्तरातूनच रेमंड वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी हिंदू कायद्याचा आपला प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला. आता शास्त्री गेले, तेव्हा त्यांचे ज्ञान वकिलाच्या आणि न्यायाधीशाच्या डोक्यात असणे भाग पडले. आणि ते तेथे घालावयाचे कोणी, तर या वर्गाने.

वर्ग मात्र दीर्घकाळ संध्याकाळचेच राहिले. दिवसभर हायकोर्टात उभे राहून आलेले व्यवसायी तास-दीड तास शिकवीत, आणि दिवसभर कोठे कोठे राबून आलेले विद्यार्थी ऐकत. या व्यवस्थेची थट्टा पुष्कळ झाली. हजेरी लागली की टर्म भरली, अभ्यास घरी करावयाचा, असे म्हणण्याची रीत होती, आणि त्यात तथ्यही होते. तथापि या थट्टेत एक गोष्ट विसरली जाते. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेचा जलप्रवास, तेथील काही वर्षांचा खर्च, आणि ‘इन्स ऑफ कोर्ट’ या तिथल्या वकिली संस्थांच्या भोजनशाळेत ठराविक मेजवान्यांना हजर राहून टर्मा भरणे हे सारे आवश्यक असे. तेवढी ऐपत एखाद्या सावकाराच्या किंवा संस्थानिकाच्या घरी. येथे, उलटपक्षी, गिरगावातल्या एका खोलीत चौघांनी मिळून राहावे, दिवसा शाळेत मुलांना गणित शिकवावे अगर सचिवालयात नकला कराव्या, संध्याकाळी वर्गात बसावे, रात्री खाणावळीतून परतल्यावर दिव्याशी पुस्तक उघडावे, आणि दोन-चार वर्षांनी एल्एल. बी. होऊन जिल्ह्याच्या गावी पाटी लावावी, हे शक्य होते. पूर्णवेळ आणि शिस्तबद्ध महाविद्यालय आरंभापासून निघाले असते तर शिक्षण निःसंशय चांगले झाले असते. पण ते घेण्यास रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा निर्धन मुलगा आला नसता. या संस्थेच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांची खरी कमाई हीच आहे, आणि ती तिच्या उणिवेतून झालेली आहे.

या वाटेने वर चढलेल्यांत न्यायमूर्ती रानडे अग्रभागी आहेत. १८६६ साली ते एल्एल. बी. झाले. त्यांच्यामागून काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले. उच्च न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’वर, म्हणजे मुंबई शहरातील बड्या दाव्यांच्या शाखेत, बॅरिस्टरांचे राज्य होते आणि देशी वकिलास अपील शाखेवर समाधान मानावे लागे. तेलंगांनी १८७२ साली ॲडव्होकेटची कठीण परीक्षा देऊन हा दरवाजा उघडला, आणि समुद्र न ओलांडता ते बॅरिस्टरांच्या शेजारी उभे राहिले. १८८९ साली ते न्यायासनावर बसले, १८९३ साली अकाली निवर्तले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी रानडे आले.

लोकमान्य टिळक १८७९ साली एल्एल. बी. झाले. त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाचे दिवस डेक्कन कॉलेजात आगरकरांशी रात्र-रात्र चाललेल्या वादांत गेले हे सर्वश्रुत आहे. त्यांनी वकिलीची सनद कधी वापरली नाही. पण पुण्यात त्यांनी स्वतःचा लॉ क्लास चालविला, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव स्वतःच करताना ते एकवीस तासांहून अधिक बोलले. पदवीचा उपयोग पोटासाठी न करता तिचे व्याज असे एकदम वसूल करणारा दुसरा विद्यार्थी आम्हांस ठाऊक नाही. पुण्याला स्वतःचे विधी महाविद्यालय मिळण्यास मात्र १९२४ साल उजाडावे लागले. इंडियन लॉ सोसायटीने ते काढले, आणि धर्मशास्त्रग्रंथांच्या भाषांतरात आयुष्य वेचणारे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे त्याचे पहिले प्राचार्य झाले. तो इतिहास निराळ्या लेखाचा विषय आहे.

मुंबईच्या वर्गांत शिकविणाऱ्यांतही नावे लहान नव्हती. चिपळूणकडचे पांडुरंग वामन काणे प्रथम शाळामास्तर होते, १९११ साली हायकोर्टाचे वकील झाले, आणि १९१७ ते १९२३ पर्यंत येथे कायद्याचे प्राध्यापक होते. ‘व्यवहारमयूखा’ची त्यांची संपादित आवृत्ती १९२६ साली निघाली; धर्मशास्त्राचा जो इतिहास त्यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत खंडशः प्रसिद्ध केला, त्यापुढे आज कोणत्याही देशातील पंडित नतमस्तक होतो. पेरी यांच्या हाती जी मिताक्षरा आली नव्हती, ती सत्तर वर्षांनी अशा रीतीने त्यांच्या स्मारकात आली, आणि ती एका वकिलाच्या काखोटीला असलेल्या पोथीतून आली.

१९२८ साली डॉ. भीमराव आंबेडकर येथे काही काळ अर्धवेळ प्राध्यापक झाले. १९३५ च्या १ जून रोजी ते प्राचार्य झाले आणि पेरी अध्यासनही त्यांच्याकडे आले. त्याच्या पाचच दिवस आधी, २७ मे रोजी, रमाबाई निवर्तल्या होत्या. ‘राजगृह’ या आपल्या घरातील ग्रंथांच्या भिंतींत तो मनुष्य त्या आठवड्यात कसा वावरला असेल याची कल्पनाच केलेली बरी. इंग्रजी राज्यघटना त्यांनी येथे डायसीच्या ग्रंथाच्या आधारे शिकविली, आणि त्या व्याख्यानांची टाचणे पुढे छापली गेली आहेत. कायद्याच्या शिक्षणाची सुधारणा कशी करावी यावर १९३६ साली त्यांनी एक निबंध लिहिला. नुसत्या कलमांच्या घोकंपट्टीने वकील तयार होत नाही, त्याच्या बुद्धीला इतर शास्त्रांची जोड पाहिजे, हा त्याचा रोख होता. प्राचार्यपदाच्या पहिल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे सरकारी महाविद्यालयात पार्लमेंटचे सार्वभौमत्व समजावून सांगणारा हा प्राध्यापक त्याच काळात हजारो वर्षांच्या समाजरचनेला नोटीस देत होता, आणि दोन्ही कामे सारख्याच काटेकोरपणे करीत होता.

आता तो खोत आणि कुळाचा दाखला. १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकर मुंबई विधिमंडळावर निवडून आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी तेथे खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोतास वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारशी थेट संबंध असलेला कब्जेदार मानावे, असे त्याचे सार होते. १९३८ च्या १० जानेवारीस कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून आले. साविन्यीचे भाषांतर करणाऱ्या पेरी यांच्या नावाच्या आसनावर बसून, साविन्यीने ज्याला ताबेदार मानण्याचे नाकारले त्या कुळाच्या हाती ताबा देण्याचा मसुदा लिहिला जावा, याहून मार्मिक भाष्य त्या जर्मन ग्रंथावर कोणी केले असेल असे वाटत नाही. बिल तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि त्या वेळी आंबेडकर दिल्लीत घटनेचा मसुदा हातावेगळा करीत होते.

१९३८ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्यांच्या जागी आसफ अली असगर फैजी आले. ते १९४७ पर्यंत होते. माथेरानला जन्मलेले हे सुलेमानी बोहरा पंडित अरबीचे गाढे अभ्यासक होते, इस्माइली पंथाच्या प्राचीन विधिग्रंथाचे संपादक होते, आणि मुसलमानी कायद्यावरचे त्यांचे पुस्तक आजही अभ्यासक्रमात आहे. येथेही योग पाहण्यासारखा जुळून आला: ते खुर्चीवर बसण्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ साली, शरियत कायदा होऊन वारसाच्या बाबतीत रूढीचे वर्चस्व संपले, आणि १८४७ साली रित्या हाताने परतलेल्या खोजा मुलींच्या नातींना-पणतींना कुराणातला वाटा मागण्याची वाट मोकळी झाली. पेरी यांचा निकाल पुसला गेल्यानंतर तो विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचे काम पेरी प्रोफेसराकडेच आले.

बाकीच्या नामावळीत फार रेंगाळत नाही. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया येथलेच; पहिले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड येथलेच; महमद अली करीम छागला येथे काही वर्षे शिकवून पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले; फली नरिमन आणि सोली सोराबजी या वर्गांतूनच बाहेर पडले. नानी पालखीवाला यांना वास्तविक इंग्रजीचे अधिव्याख्याते व्हावयाचे होते. ती जागा हुकली म्हणून ते इकडे वळले, आणि पुढे येथे शिकवूही लागले. केशवानंद भारतींच्या खटल्यात त्यांनी केलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस चाललेल्या त्या सुनावणीनंतर २४ एप्रिल १९७३ रोजी, सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने, घटनेच्या मूलभूत चौकटीस संसदेलाही हात लावता येणार नाही असे ठरले. वर्तमानपत्रांनी घटनेचे तत्त्व तेवढे लक्षात ठेवले. पण त्या खटल्याचे मूळ केरळातील एका मठाच्या जमिनीत होते, आणि ती कोणाकडे राहावी यावरूनच ते सारे रामायण सुरू झाले होते.

गेल्या तीन-चार दशकांत काळ बदलला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या धर्तीवर ठिकठिकाणी निवासी विद्यापीठे निघाली, २०१४ साली खुद्द मुंबईसही एक मिळाले. तेथील ग्रंथालये मोठी, वेळापत्रके कडक, आणि फीचे आकडे लहान शहरातील पालकाला दचकविणारे. ‘ए’ रोडवरची फी त्या मानाने नाममात्र राहिली आहे, आणि वर्ग आता संध्याकाळऐवजी सकाळी भरतात, एवढाच काय तो फरक. अभिरूप न्यायालयांच्या स्पर्धा होतात, ढाली येतात, भिंतीवर नवी नावे चढतात. साडेदहाच्या सुमारास वर्ग सुटला म्हणजे ही मुले चर्चगेटच्या भुयारी मार्गातून फोर्टकडे निघतात, कारण अकरा वाजता कोणा सॉलिसिटरच्या कचेरीत हजर व्हावयाचे असते. तेथे दिवसभर दस्तऐवजांच्या नकला जुळविणे, तारखा लिहून घेणे, रोजनामा पाहून येणे ही कामे असतात. परवा अशीच एक मुलगी त्या गर्दीत चालता चालता हातातला कागदांचा गठ्ठा चाळत होती. वर एका जमिनीचा सात-बाराचा उतारा होता, आणि ‘भोगवटादाराचे नाव’ या रकान्यावर तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले होते.